जिनच्या प्याल्यातले औषधाचे कपाट

कॉकटेलच्या यादीतली नावे वाचून प्याल्यात काय येणार आहे याचा काहीही अंदाज बांधता येत नाही. मार्टिनी, नेग्रोनी, गिमलेट, टॉम कॉलिन्स, सिंगापूर स्लिंग ही नावे माणसांची, गावांची किंवा अवजारांची आहेत, आणि प्रत्येकामागे एक गोष्ट तयार असते : अमुक सरदाराने अमुक साली अमुक हॉटेलात असे काहीतरी मागितले आणि त्यातून हे पेय जन्माला आले. या गोष्टी ऐकायला छान असतात, मात्र त्यांतल्या बऱ्याचशा पेय नावारूपाला आल्यानंतर त्याला चिकटलेल्या आहेत. दारूच्या गुत्त्यात काय घडले याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही, आणि ठेवली तरी लिहिणारा शुद्धीवर होता की नाही हा प्रश्न उरतोच. त्यामुळे या पेयांचा उगम शोधायचा असेल तर माणसांपेक्षा बाटल्यांचा माग काढलेला बरा. बाटलीचे पेटंट असते, जाहिरात असते, कारखाना कोणत्या साली निघाला याची नोंद असते, आणि जी बाटली अजून बाजारात आलीच नव्हती ती घालून कोणीही पेय बनवले नसणार हे उघड आहे. अशा रीतीने जिनच्या जुन्या कॉकटेलमधली एकेक बाटली तपासत गेलो की एक गोष्ट ठळकपणे दिसते : त्यांतली जवळजवळ प्रत्येक बाटली आधी औषधाच्या कपाटात होती आणि नंतर बारच्या फळीवर आली.

सुरुवात खुद्द जिनपासूनच करावी लागते. जिन म्हणजे धान्यापासून काढलेले, स्वतःची चव जवळपास नसलेले मद्य, ज्यात हपुषाची फळे आणि इतर सुगंधी द्रव्ये घालून ते पुन्हा भट्टीत चढवलेले असते. हपुषा हे नाव आयुर्वेदाच्या वाचकांना परिचित असेल. थंड प्रदेशातल्या एका काटेरी झुडपाची ही निळसर काळी, वाटाण्याएवढी फळे पोटाच्या आणि लघवीच्या तक्रारींवर आपल्याकडेही वापरली जात आणि युरोपातही. गोव्यात तयार होणाऱ्या एका जिनला हिमालयातल्या या फळावरून ‘हापुसा’ असेच नाव दिलेले आहे, आणि बाटली पाहून हापूस आंब्याची आठवण होणारा मी एकटाच नसेन. हपुषाच्या जोडीला भट्टीत धने, अँजेलिका नावाच्या वनस्पतीचे मूळ, संत्र्या-लिंबाच्या वाळवलेल्या साली अशी द्रव्ये पडतात. ‘लंडन ड्राय’ या प्रकारात सगळा सुगंध वाफेबरोबरच आलेला असावा लागतो. ऊर्ध्वपातन झाल्यावर वरून अर्क घालता येत नाही आणि साखरही नाममात्रच चालते.

हॉलंड आणि त्याच्या शेजारच्या प्रदेशात हपुषाला ‘जेनेव्हर’ म्हणतात आणि तिथल्या हपुषायुक्त मद्याचेही तेच नाव आहे. इंग्रजांनी ते मद्य उचलले आणि नाव आखडून ‘जिन’ केले. १६८९ मध्ये हॉलंडचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर बसला, फ्रान्सशी युद्ध सुरू झाले, फ्रेंच ब्रँडीवर निर्बंध आले आणि देशी धान्यापासून मद्य गाळण्यास मोकळीक मिळाली. त्याचा परिणाम असा झाला की अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनची गरीब वस्ती स्वस्त जिनमध्ये अक्षरशः बुडाली. १७३६ च्या कायद्याने परवान्याची फी ५० पौंड केली, तेव्हा कायदेशीर विक्री थांबली आणि चोरटी वाढली. परिस्थिती आटोक्यात येऊ लागली ती १७५१ च्या कायद्यानंतर. त्या काळची जिन ओबडधोबड होती आणि तिचा उग्रपणा लपवण्यासाठी तिला गोड केले जाई. गोड जिनच्या या परंपरेतूनच पुढे ‘ओल्ड टॉम’ हा प्रकार आला. १८३० मध्ये ईनियस कॉफी याने सतत चालणाऱ्या उंच भट्टीचे पेटंट घेतले. तिच्यातून इतके स्वच्छ मद्य निघू लागले की लपवण्यासारखे काही राहिले नाही आणि कोरडी, म्हणजे साखर नसलेली, जिन शक्य झाली. आज आपण जिला जिन म्हणतो ती ही एकोणिसाव्या शतकातली जिन आहे.

कॉकटेलचा साचा मात्र जिनपेक्षा वेगळ्या वाटेने आला, आणि त्या वाटेवर आपला किनारा लागतो. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात मुंबई, सुरत आणि कोकणच्या परिसरात हिंडत होता. गोव्यातल्या नेरूळ येथे अरक नावाची उत्तम दारू गाळली जाते आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज तिच्यापासून ‘पंच’ नावाचे पेय करतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. पाच जिन्नस पडतात म्हणून हिंदुस्थानी भाषेतल्या पाचावरून हे नाव पडले, असे तो सांगतो, आणि लगेच वैद्य लोक पाच द्रव्यांच्या औषधाला जे नाव देतात त्याच्याशी त्याची तुलना करतो. काही अभ्यासक हा शब्द पंचन नावाच्या पिंपाशी जोडतात, त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण पंचामृत ज्यांच्या घरात होते त्यांना फ्रायरची व्युत्पत्ती सहज पटावी. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे ते पाच जिन्नस. तीव्र, गोड, आंबट, सौम्य आणि सुगंधी अशा पाच बाजूंनी चव सांभाळण्याचे हे गणित आहे, आणि पुढची निम्मी कॉकटेल याच गणिताची उदाहरणे आहेत.

इंग्लंडमध्ये अरकच्या जागी जिन आली, पाण्याच्या जागी सोडा आला, मोठ्या भांड्याच्या जागी एका माणसाचा उंच ग्लास आला, आणि जे झाले ते कॉलिन्स. लंडनच्या लिमर्स हॉटेलातल्या जॉन कॉलिन्स नावाच्या मुख्य वेटरशी ते जोडले जाते. ‘जॉन’चा ‘टॉम’ कसा झाला याची दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे ओल्ड टॉम जिन वापरली म्हणून. दुसरे अधिक गमतीचे आहे : १८७४ मध्ये अमेरिकेत एक चेष्टा पसरली होती, ज्यात ‘टॉम कॉलिन्स पलीकडच्या बारमध्ये बसून तुझी निंदा करतो आहे’ असे मित्राला सांगून या अस्तित्वातच नसलेल्या माणसाच्या शोधात त्याला गावभर पळवायचे. दोनच वर्षांनी, १८७६ मध्ये, जेरी थॉमस या अमेरिकन बारमालकाच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत टॉम कॉलिन्स छापून आले. सिंगापूर स्लिंग हेही याच कुळातले. रॅफल्स हॉटेलातल्या न्यिअम टोंग बून या हायनानी बारटेंडरने ते १९१५ च्या सुमारास बनवले असे हॉटेल सांगते, परंतु सिंगापुरात स्लिंग त्याआधीपासूनच प्यायले जात होते, आणि आज मिळणारा अननसाचा गुलाबी प्रकार मूळ पेयापासून इतका दूर गेला आहे की त्यावर अधिक शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

लिंबाची कथा जास्त मोलाची आहे. लांबच्या सागरी प्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलू लागत, जुन्या जखमा उघडत आणि माणसे मरत. हा स्कर्व्ही रोग. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलाच्या शल्यचिकित्सकाने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. तरीही ब्रिटिश नौदलात लिंबूरस सरसकट सुरू व्हायला १७९५ उजाडावे लागले. रस नासू नये म्हणून त्यात दारू मिसळली जात असे. १८६७ मध्ये एडिंबरोजवळच्या लीथ बंदरातल्या लॉखलन रोझ याने दारूऐवजी साखरेच्या साहाय्याने लिंबूरस टिकवण्याचे पेटंट घेतले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर लिंबूरस सक्तीचा करणारा कायदा आला. रोझ यांचा धंदा किती फोफावला असेल याची कल्पना करता येते. जिन आणि रोझचे हे लिंबाचे गोड सिरप यांचे मिश्रण म्हणजे गिमलेट. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या हॅरी क्रॅडॉकने १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दोन्ही निम्मे-निम्मे घ्यायला सांगितले आहे.

नौदलातल्या सर थॉमस गिमलेट नावाच्या डॉक्टरने खलाशांनी औषध घ्यावे म्हणून हे मिश्रण सुचवले, असे सांगितले जाते. दुसरे मत असे की आपल्या सुतारांच्या पेटीत जे गिरमीट असते त्याचेच इंग्रजी नाव गिमलेट आहे आणि पेयही तसेच भोक पाडत आत जाते. मला दुसरे मत आवडते, पण आवड हा पुरावा नव्हे. बाटलीचा निकष एवढेच सांगतो की हे पेय १८६७ च्या आधीचे असू शकत नाही. या कथेची एक कडवट बाजूही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर नौदलाने भूमध्य समुद्राकडच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडिजमधली लहान हिरवी लिंबे घेतली. त्यांत ‘क’ जीवनसत्त्व बरेच कमी असते, आणि साठवताना व प्रक्रिया करताना उरलेलेही घटते. १८७५ मध्ये उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या ब्रिटिश मोहिमेत हा रस बरोबर असूनही स्कर्व्हीने माणसे आडवी पडली. म्हणजे बारमध्ये गिमलेट रुजण्यापूर्वीच त्यातले औषध पुष्कळसे निघून गेले होते.

जिन आणि टॉनिकच्या बाबतीत तर औषधाची दंतकथा इतकी रुजली आहे की ती तपासून पाहण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात वाढणाऱ्या सिंकोना झाडाची साल हिवतापावर चालते हे युरोपला सतराव्या शतकात कळले. १८२० मध्ये पॅरिसच्या पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी त्या सालीतून क्विनीन वेगळे काढले, ज्याला आपले आजी-आजोबा ‘कोयनेल’ म्हणत आणि नुसत्या आठवणीने तोंड वाकडे करीत. १८६० च्या दशकात इंग्रजांनी निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या बाजूला सिंकोनाच्या बागा लावल्या. इथपर्यंत सर्व खरे आहे. पुढे असे सांगतात की हिंदुस्थानातले गोरे सैनिक कोयनेलचा कडू डोस गिळवेना म्हणून त्यात साखर, सोडा आणि जिन मिसळू लागले. कडू औषध दारूत किंवा सरबतात घोळून घेतले जात असे यात शंका नाही. परंतु बाटलीबंद टॉनिक वॉटर हे १८५८ मध्ये लंडनच्या इरास्मस बाँड याने पेटंट घेतलेले पाचक पेय होते, आणि श्वेप्स कंपनीने ‘इंडियन क्विनीन टॉनिक’ बाजारात आणले ते १८७० मध्ये. जिन आणि टॉनिक एकत्र प्यायल्याचा जो अगदी जुना छापील उल्लेख मिळतो तो १८६८ चा आणि हिंदुस्थानातलाच आहे, पण तो ना इस्पितळातला आहे ना छावणीतला. घोड्यांच्या शर्यती संपल्यावर मंडळींनी काय मागवले याच्या वर्णनात तो येतो. साहेब लोक तहान आणि मौज यांसाठी ते पीत होते.

आजच्या टॉनिकमध्ये तर क्विनीन चवीपुरतेच असते. अमेरिकेत त्याची कमाल मर्यादा लिटरला सुमारे ८३ मिलिग्रॅम आहे, तर हिवतापावर मोठ्या माणसाला दिवसाला दोन ग्रॅमच्या आसपास क्विनीन देत असत. हिशेब केला तर दिवसाकाठी वीस लिटरांहून अधिक टॉनिक प्यावे लागेल. ‘डासांसाठी घेतो’ असे सांगणाऱ्या मित्राला हा आकडा ऐकवायला हरकत नाही. एवढ्याशा क्विनीनचे अस्तित्व मात्र डोळ्यांनी पाहता येते. नोटा तपासण्याचा जांभळ्या प्रकाशाचा दिवा अंधारात टॉनिकच्या बाटलीवर धरला की पाण्यासारखे दिसणारे ते द्रव निळे उजळते. साधा सोडा शेजारी ठेवला तर तो काळाच राहतो. क्विनीनचा रेणू अदृश्य अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतो, त्याचा हा परिणाम.

कडूपणाची दुसरी बाटली बारमध्ये सर्वांत लहान असते आणि तिच्यातले थेंब मोजून घालतात. योहान सीगर्ट हा जर्मन डॉक्टर दक्षिण अमेरिकेचा स्वातंत्र्यसेनानी बोलिव्हार याच्या सैन्यात काम करीत होता. व्हेनेझुएलातल्या अँगोस्तुरा गावी त्याने १८२४ मध्ये सैनिकांच्या पोटासाठी मद्यात मुळ्या-साली मुरवून कडू अर्क तयार केला. समुद्र लागला की खलाशी तो अर्क घेऊ लागले, आणि जिनमध्ये त्याचे थेंब पडून जो फिकट रंग आला त्यावरून ‘पिंक जिन’ हे नाव रूढ झाले. ‘कॉकटेल’ या शब्दाची १८०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या वृत्तपत्राने दिलेली व्याख्याही मद्य, साखर, पाणी आणि असा कडू अर्क अशीच आहे. त्या अर्थाने कॉलिन्स हे कॉकटेल नव्हते, पंच होते. हा भेद पुढे पुसला गेला.

आता मार्टिनीकडे वळू. मार्टिनी समजायची तर आधी व्हर्मूथ समजले पाहिजे, आणि मराठी वाचकाला ते समजावणे सोपे आहे, कारण द्राक्षासवाची बाटली आपल्या घरात असे. व्हर्मूथ म्हणजे वनौषधी मुरवलेली, थोडी मद्यार्काने बळकट केलेली द्राक्षाची वाइन; त्याचे नाव आले आहे कृमींवर दिल्या जाणाऱ्या एका कडू वनस्पतीच्या ‘वेर्मूट’ या जर्मन नावावरून. इटलीतल्या तोरीनो शहरात कार्पानो याने १७८६ मध्ये गोड व्हर्मूथ विकायला सुरुवात केली आणि फ्रान्समध्ये नोयी याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोरडे व्हर्मूथ केले. ही बाटली अमेरिकेत पोचल्यावर आधी व्हिस्कीला भेटली आणि मॅनहॅटन नावाचे कॉकटेल झाले; मग १८८४ मध्ये छापलेल्या ओ. एच. बायरनच्या बारटेंडरांसाठीच्या पुस्तकात ‘मार्टिनेझ’ची कृती मॅनहॅटनप्रमाणेच, फक्त व्हिस्कीऐवजी जिन, अशी एका ओळीत उरकलेली दिसते. कॅलिफोर्नियातले मार्टिनेझ गाव स्वतःला जन्मस्थान म्हणवते, कोणी मार्टिनी नावाच्या इटालियन व्हर्मूथच्या कंपनीकडे बोट दाखवतात, कोणी न्यूयॉर्कच्या निकरबॉकर हॉटेलातल्या मार्टिनी आडनावाच्या बारटेंडरकडे. या तिसऱ्या दाव्याला अडचण अशी की तो प्रसंग १९११-१२ मधला सांगतात, आणि मार्टिनी नावाच्या कृती एकोणिसाव्या शतकातच छापल्या गेल्या होत्या.

पहिली मार्टिनी गोड होती : ओल्ड टॉम जिन आणि गोड व्हर्मूथ. दोन्ही घटक कोरडे होत गेले तसे पेयही कोरडे झाले, आणि व्हर्मूथचे प्रमाण निम्म्यावरून घसरत गेले. बारटेंडरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची आजची कृती ६० मिलिलिटर जिनला १० मिलिलिटर कोरडे व्हर्मूथ अशी आहे, म्हणजे एका लार्ज पेगला दोन चमचे. ही सत्तर मिलिलिटर जाड काचेच्या भांड्यात घालून, भांडे बर्फाने भरून, लांब दांड्याच्या चमच्याने सुमारे अर्धा मिनिट ढवळतात. कुशल हात असेल तर बर्फाचा आवाजही येत नाही. सगळे खडे एका लगद्यासारखे गोल फिरतात, भांड्यावर आधी दव साचते आणि मग तेच दव पांढुरके होते. प्याल्यात गाळल्यावर मोजले तर सत्तरचे जवळपास नव्वद मिलिलिटर झालेले असतात, कारण वितळलेले पाणीही त्या कृतीचा हिशेबात धरलेला घटक आहे. ते नसेल तर जिन घशाला जाळते आणि तिचा सुगंध मिटून राहतो.

इथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. बर्फ शून्य अंशाचा असताना पेय शून्याच्याही खाली कसे जाते? मे महिन्यात अंगणात लाकडी पॉटमध्ये आइस्क्रीम फिरवलेल्यांना याचे उत्तर माहीत आहे. तिथे बर्फात खडे मीठ टाकत, कारण खारे पाणी शून्याला गोठत नाही. बर्फ वितळत राहतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूने ओढून घेतो, त्यामुळे सगळेच शून्याखाली उतरते. मार्टिनीच्या भांड्यात मिठाचे काम मद्यार्क करतो. ढवळायचे की शेकरमध्ये हलवायचे, या वादाचेही उत्तर साधे आहे. हलवल्याने हवेचे बुडबुडे आणि बर्फाचा चुरा मिसळून पेय गढूळ व फेसाळ होते. लिंबूरस किंवा अंड्याचा पांढरा बलक असेल तर तेच हवे असते. नुसती मद्येच असतील तर काचेसारखी पारदर्शकता आणि रेशमी जडपणा राखण्यासाठी ढवळणे योग्य.

नेग्रोनीत तर औषधी कडूपणाच मुख्य पात्र झाला आहे. इटलीत काम्पारी हे १८६० पासूनचे लाल कडू मद्य आणि गोड व्हर्मूथ यांत सोडा घालून ‘अमेरिकानो’ पीत असत. १९१९ मध्ये फ्लॉरेन्सच्या कासोनी कॅफेत काउंट कामिल्लो नेग्रोनी याने सोड्याऐवजी जिन मागितली आणि फोस्को स्कार्सेल्ली या बारटेंडरने ती घातली, अशी प्रचलित कथा आहे. कॉर्सिकाच्या एका नेग्रोनी घराण्यानेही आपल्या पूर्वजाचा दावा पुढे केला आहे. मला फ्लॉरेन्सची कथा जास्त पटते, कारण तिच्यात चमत्कार काहीच नाही. सौम्य पेय थोडे कडक करून मागणारे गिऱ्हाईक प्रत्येक बारमध्ये रोज येते. तिन्ही मद्ये ३०-३०-३० मिलिलिटर घेतात. काम्पारीचा तो भडक लाल रंग २००६ पर्यंत किरमिजी किड्यांपासून काढलेल्या रंगाचा असे, हे शाकाहारी वाचकांसाठी सांगून ठेवतो.

निर्मात्याचे नाव बऱ्यापैकी खात्रीने सांगता येईल अशी जुनी कॉकटेल थोडी आहेत, आणि त्यांतले एक स्त्रीच्या नावावर आहे. एडा कोलमन ही विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात सॅव्हॉय हॉटेलच्या अमेरिकन बारची प्रमुख होती. चार्ल्स हॉट्री हा नट दमून आला की काहीतरी जोरकस मागत असे. तिने जिन आणि गोड व्हर्मूथ यांत फर्नेट या पोटासाठीच्या अतिशय कडू इटालियन औषधी मद्याचे दोन थेंबवजा फवारे घातले, आणि त्याच्या तोंडून निघालेला ‘हँकी पँकी’ हा शब्दच पेयाचे नाव झाला. हे तिने स्वतः वृत्तपत्राला सांगितलेले असल्यामुळे येथे दंतकथेला फारसा वाव राहिलेला नाही. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली, क्रॅडॉकसारखे बारटेंडर लंडनला आले, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या कृती कागदावर उतरल्या. आज ज्यांना ‘क्लासिक’ म्हणतात त्यांची यादी बऱ्याच अंशी अशी ठरली.

दारूबंदी आणि औषध यांची गाठ आपल्याकडेही पडलेली आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात, ज्याला आता महाराष्ट्राचे नाव आहे, प्रकृती राखण्यासाठी ज्याला मद्याची गरज आहे अशा व्यक्तीला परवाना देण्याची तरतूद करण्यात आली. कायद्याची धार पुढे बोथट झाली, पण परवाना राहिला आणि दारावरची ‘परमिट रूम’ ही पाटीही राहिली. त्या पाटीखालून आत जाऊन जो कोणी गिमलेट मागवतो, तो कागदोपत्री अजूनही प्रकृतीच सांभाळत असतो.